सिमेंटमधील राख : भेसळ की भर?



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत काँक्रीटवर बोलायला उभा राहिलो आहे, तेव्हा थोडा खुलासा करणे भाग आहे. बडोद्यात तो फार लांबवावा लागणार नाही. १८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी येथे कलाभवन काढले, तेव्हा धंद्याचे आणि कारागिरीचे शिक्षण लोकांना त्यांच्या भाषेतून मिळावे हा त्यामागचा एक मुख्य विचार होता. रंगकाम, विणकाम आणि यंत्रे यांवर येथे देशी भाषांतून शिकवले गेले. त्याच गावात सिमेंट आणि राख यांवर मराठीत तासभर बोलायला हरकत नसावी.

विषय सुचला तो एका घरगुती सभेत. आमच्या जुन्या वाड्याच्या जागी इमारत व्हायची आहे. पायाचे काम सुरू झाले तेव्हा सर्व बिऱ्हाडे पाहायला गेली. आमच्यातले एक वयोवृद्ध गृहस्थ सिमेंटच्या थप्पीपाशी थांबले, चष्मा वर करून पोत्यावरचा मजकूर त्यांनी वाचला आणि म्हणाले, "अहो, यात फ्लाय अ‍ॅश लिहिलंय. म्हणजे राखच ना? पैसे आपण सिमेंटचे द्यायचे आणि पोत्यात राख?" दुसरे कोणी म्हणाले, "दुधात पाणी, तशी सिमेंटात राख." संध्याकाळी सभा बसली आणि तासभर याच विषयावर गाजली.

मी आयुष्यभर बांधकामातच काम केले, म्हणून उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली. त्या रात्री घाईत जे सांगितले ते आज नीट मांडतो.

वाड्याच्या भिंतीतली सुरखी

जो वाडा पाडला जात होता, त्याच्या भिंतीतला दर्जा मी हातात घेऊन पाहिला. गुलाबी झाक असलेला, दगडासारखा घट्ट. हा चुना आणि सुरखीचा माल. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची बारीक पूड. चुन्याच्या घाणीत बैल फिरवून चुना, रेती आणि सुरखी तासन् तास मळली जाई.

नुसता चुना वापरला तर तो हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. पाण्याखाली किंवा जाड भिंतीच्या पोटात, जिथे हवा पोचत नाही, तिथे तो वर्षानुवर्षे मऊ राहू शकतो. सुरखी घातली की गोष्ट बदलते. माती योग्य तापमानाला भाजली की तिच्यातील सिलिका आणि अ‍ॅल्युमिना चंचल होतात, आणि पाण्याच्या सान्निध्यात ते चुन्याशी संयोग पावून दगडासारखा नवा पदार्थ तयार करतात. त्याला हवा लागत नाही. म्हणून आपल्याकडील विहिरी, हौद आणि धरणे सुरखीच्या चुन्यात बांधली गेली. कावेरीवरचे कृष्णराजसागर धरण हे त्याचे मोठे उदाहरण आहे.

रोमन लोकांना हीच गोष्ट ज्वालामुखीच्या राखेने साधली. नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावची राख ते चुन्यात मिसळत आणि समुद्रात धक्के बांधत. त्या गावाच्या नावावरून अशा सर्व पदार्थांना 'पोझोलाना' हे नाव पडले. ज्याला स्वतःला चिकटपणा नाही, पण चुना आणि पाणी मिळाले की जो चिकटतो, तो पोझोलाना. सुरखी हा आपला पोझोलाना, आणि औष्णिक वीज केंद्राची राख हा त्याच कुळातला.

सिमेंटला चुना कुठून मिळतो?

इथे कोणीही विचारील की चुन्याशी राखेचे जमते हे कबूल, पण आता आपण चुना कुठे वापरतो? आपण तर सिमेंट वापरतो.

सिमेंटमध्येच चुना दडलेला आहे. चुनखडी आणि माती दळून सुमारे १४५० अंश सेल्सियसला भाजली की काळसर गोळे निघतात. ते क्लिंकर. क्लिंकर थोड्या जिप्समबरोबर दळले की साधे पोर्टलँड सिमेंट होते, ज्याला आपण ओपीसी म्हणतो. या सिमेंटात पाणी पडले की दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे कॅल्शियम सिलिकेटचा अतिसूक्ष्म, चिकट पदार्थ. काँक्रीटची सारी ताकद याच्यात आहे. दुसरी म्हणजे विरी गेलेला चुना. पूर्ण मुरलेल्या सिमेंटच्या घन भागात आकारमानाने पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त हा चुनाच असतो. ताकदीच्या दृष्टीने तो फारसा कामाचा नाही. पाण्यात तो थोडाथोडा विरघळतो, आणि जुन्या स्लॅबखाली गळतीच्या जागी जे पांढरे ओघळ दिसतात ते पुष्कळदा त्याचेच असतात.

राख मिसळली की ती या रिकामटेकड्या चुन्याला कामाला लावते. राखेतील सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि तोच चिकट पदार्थ आणखी तयार होतो. आधी जिथे पाण्याची बारीक छिद्रे होती तिथे तो जाऊन बसतो आणि काँक्रीट अधिक दाट होते. दुधात पाणी घातले तर दुधाचे काम करणारा अंश कमी होतो, आणि पाणी काही केल्या दूध होत नाही. सिमेंटातली राख मात्र कालांतराने सिमेंटाचेच काम करू लागते. म्हणून भेसळीची उपमा इथे लागू पडत नाही.

कोणती राख?

राख म्हटले की आपल्याला चुलीतली, भांडी घासायची राख आठवते. ती ही नव्हे. आपल्या उत्तरेला महीच्या काठी वणाकबोरीचे औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रात कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकला जातो. कोळसा जळून जातो, पण त्यातील मातीचा अंश वितळतो, त्याचे सूक्ष्म थेंब धुराबरोबर वर जातात आणि झटकन थंड होऊन काचेचे गोल मणी बनतात. धुराड्याच्या आधी विजेच्या साहाय्याने हे कण पकडले जातात. ही उडती राख, म्हणजेच फ्लाय अ‍ॅश. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्के असते, त्यामुळे आपल्याकडे ही राख अफाट निघते.

कण काचेसारखे असणे महत्त्वाचे आहे, कारण काचेतील सिलिकाच चुन्याशी लवकर संयोग पावते. रेतीतही सिलिका असते, पण ती स्फटिकरूप असल्याने चुन्याला दाद देत नाही. कण गोल असण्याचाही फायदा आहे. छर्ऱ्यांप्रमाणे ते घरंगळतात, त्यामुळे कमी पाण्यात काँक्रीट सहज पसरते.

पण सगळीच राख चालत नाही. भट्टीच्या तळाशी पडणारी जाडी राख या कामाची नाही. पाण्यात कालवून तलावात सोडलेली राखही नाही. भारतीय मानकानुसार सिमेंटात जाणाऱ्या राखेचा बारीकपणा ठरलेला आहे. ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांहून अधिक राख उरता कामा नये, आणि राख तापवल्यावर तिच्या वजनातली घट ५ टक्क्यांहून अधिक असू नये. ही घट मुख्यतः न जळलेल्या कोळशाची असते. असा कोळसा जास्त असला की पाणी जास्त लागते आणि काँक्रीटचा भरवसा राहत नाही.

पोत्यावर 'पोर्टलँड पोझोलाना सिमेंट', म्हणजे पीपीसी, असे लिहिलेले असते, त्यात राखेचे प्रमाण मानकानुसार १५ ते ३५ टक्के ठेवता येते. ती कारखान्यात क्लिंकरबरोबर दळलेली किंवा यंत्राने एकजीव केलेली असते. आमच्या वडीलधाऱ्यांनी जे वाचले ते लपवलेले नव्हते. पोत्यावर छापलेले होते.

धरणांनी दिलेली साक्ष

राखेची पहिली मोठी कसोटी धरणांवर झाली, आणि त्याचे कारण होते उष्णता. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना तापते. स्लॅबमध्ये ही उष्णता निघून जाते, पण धरणाच्या पोटात ती कोंडते. आतले काँक्रीट गरम, बाहेरचे थंड, आणि त्या ताणाने भेगा. सिमेंटचा काही भाग काढून राख घातली की एकूण उष्णता कमी होते आणि ती सावकाश बाहेर पडते.

अमेरिकेत मॉन्टाना राज्यातील हंग्री हॉर्स धरण १९४८ ते १९५३ या काळात झाले. तिथे एक लाख टनांहून अधिक राख वापरली गेली. आपल्या देशात रिहंद धरणात सिमेंटच्या काही भागाऐवजी राख वापरली. महाराष्ट्रातले उदाहरण अधिक ठळक आहे. भंडारदऱ्याच्या वर, सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर येथे देशातील पहिली रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणे झाली. तिथल्या मिश्रणात सिमेंटपेक्षा राखेचे वजन जास्त होते. घाटमाथ्यावरचा मुसळधार पाऊस ती आजही झेलत आहेत.

घरालाही फायदा आहे. राखेच्या काँक्रीटमध्ये छिद्रे बारीक असल्याने क्षार आत शिरायला वेळ लागतो. गोव्याच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने कॉलममधले लोखंड गंजते आणि काँक्रीटचे कवच फुटून पडते. तिथे नीट केलेले राखेचे काँक्रीट साध्या काँक्रीटपेक्षा अधिक टिकते.

मग तक्रारी का येतात?

इथवर राखेची बाजू झाली. आता दुसरी.

माझ्या एका आप्तांनी ऐन मे महिन्यात बंगल्याचा बाहेरचा गिलावा करून घेतला. सिमेंट पीपीसी होते. ठेकेदाराच्या माणसाने दोन दिवस पाणी मारले आणि तो दुसऱ्या कामावर गेला. दिवाळीत रंग द्यायला माणसे आली, तेव्हा भिंतीवरून हात फिरवला की हाताला पीठ लागत होते. ठेकेदार म्हणाला, "राखेचं सिमेंट आहे, असंच व्हायचं." आप्तांनी ते खरे मानले. गिलावा खरवडून पुन्हा करावा लागला आणि खर्च त्यांच्याच माथी आला.

दोष राखेचा नव्हता. राखेचे काम सावकाश चालते. आधी सिमेंटने पाणी घेऊन चुना सोडायचा, मग राखेने त्या चुन्याशी संयोग पावायचे. हे आठवड्यांमागून आठवडे, महिनोन् महिने चालते, आणि त्या सगळ्या काळात ओल लागते. ओल गेली की काम थांबते, आणि राख नुसती राखच उरते.

मानकातले आकडे हेच सांगतात. ४३ ग्रेडच्या ओपीसीने तीन दिवसांत निदान २३, सात दिवसांत ३३ आणि अठ्ठावीस दिवसांत ४३ एवढी ताकद दाखवली पाहिजे. पीपीसीसाठी याच मुदतींना किमान आकडे १६, २२ आणि ३३ आहेत. मोजमाप मेगापास्कलमध्ये आहे. चांगल्या कारखान्याचा पीपीसी अठ्ठावीस दिवसांत याच्या पुष्कळ वर जातो आणि पुढेही वाढत राहतो. पण पहिल्या आठवड्यात तो मागेच असतो, आणि घरबांधणीतले धोके नेमके त्या आठवड्यातले असतात.

म्हणून पीपीसी वापरणाऱ्याने काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात.

पहिली गोष्ट पाण्याची. काँक्रीटच्या राष्ट्रीय संहितेत साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओल सांगितली आहे. मिश्र सिमेंटला किमान दहा, आणि कोरड्या, उष्ण हवेत चौदा दिवस ठेवावी असे म्हटले आहे. आपल्या गुजरातेतला उन्हाळा पाहता चौदा हाच आकडा धरावा. स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते सतत ओले ठेवावे. दिवसातून दोनदा नळी फिरवली म्हणजे पाणी मारले असे होत नाही. मधे वाळले तर नुकसान व्हायचे ते होतेच.

दुसरी गोष्ट सेंट्रिंगची. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा दिवसांनी काढण्याची मुभा आहे, पण ती मुदत साध्या सिमेंटला आहे. राखेच्या सिमेंटला, विशेषतः थंडीच्या दिवसांत, ती वाढवावी लागते. किती, ते इंजिनिअरने ठोकळे फोडून ठरवावे. सेंट्रिंगच्या भाड्याचा दिवस वाचवायला टेकू काढणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणणे हे घरमालकाचे काम आहे.

तिसरी गोष्ट दुहेरी राखेची. हल्ली तयार काँक्रीट गाडीतून येते. त्या प्लँटवर ओपीसीत राख मिसळली जाते. संहिता ते मान्य करते, पण राख ठरलेल्या प्रतीची असली पाहिजे आणि सिमेंटशी एकजीव झाली पाहिजे. पीपीसीत आधीच राख असते. त्यात पुन्हा राख घातली तर एकूण प्रमाण कुठे गेले हे घरमालकाला कळत नाही. म्हणून सिमेंट कोणते आणि वर राख किती, हे दोन आकडे लेखी मागावेत. आणि जागेवर घमेल्याने राख टाकू पाहणाऱ्याला फाटकाबाहेर काढावे. ती मात्र खरोखर भेसळ आहे.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. राख चुना खाते, आणि चुन्याचा क्षारपणा लोखंडाला गंजापासून वाचवतो. दाट, नीट मुरलेल्या काँक्रीटमध्ये याची चिंता नसते. पण पाणी कमी पडले आणि लोखंडावरचे कवचही पातळ राहिले, तर राखेच्या काँक्रीटमध्ये हवा आत शिरून लोखंड लवकर गंजू शकते. निष्काळजीपणाची शिक्षा इथे साध्या सिमेंटपेक्षा जास्त आहे.

राख गेली नाही तर कुठे जाते?

एवढी काळजी घ्यायची, तर राख वापरावीच कशाला? साधे सिमेंट आणावे आणि मोकळे व्हावे.

राख नाहीशी होत नाही, म्हणून. १९९६-९७ साली देशातील वीज केंद्रांतून सुमारे ६.९ कोटी टन राख निघाली आणि तिच्यातील दहा टक्केही वापरली गेली नाही. सरकारने १९९९ साली राखेच्या वापराची अधिसूचना काढली आणि पुढे ती वेळोवेळी कडक केली. २०२१-२२ साली राख सुमारे २७ कोटी टन निघाली आणि ९५ टक्क्यांहून अधिक वापरल्याची नोंद आहे. यात विटा, रस्ते, खोलगट जमिनी आणि खाणी भरणे हे सगळे आले. सिमेंटचा वाटा साधारण पाव हिस्सा.

पण आधीच्या पन्नास वर्षांची राख तलावांत साठलेलीच आहे. एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशात सिंगरौली जिल्ह्यात अशा एका तलावाचा बांध फुटला आणि माणसे राखेच्या लोंढ्यात वाहून गेली. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा बांध फुटला आणि राख शेतांत व नदीत पसरली. आपल्या दिव्याखालचा हा अंधार आहे. वीज आपण येथे वापरतो आणि राख त्यांच्या विहिरीत उतरते.

दुसरे कारण चुनखडीचे. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की चव्वेचाळीस किलो कार्बन डायॉक्साइड निघून जातो आणि छप्पन किलो कळीचा चुना उरतो. भट्टीला कोळसा लागतो तो निराळा. सगळे धरून एक टन क्लिंकरमागे सुमारे साडेआठशे किलो वायू हवेत जातो. हजार चौरस फुटांच्या घराला अंदाजे चारशे पोती सिमेंट लागते. पोत्यामागे पंधरा किलो राख धरली तर सहा टन क्लिंकर वाचते आणि सुमारे पाच टन वायू. एका कुटुंबाच्या घरामागे एवढे होते.

यावरून राखेसाठी कोळसा जाळत राहावा असे मात्र कोणी समजू नये. कोळसा पुढेमागे कमी होईल आणि ताजी राखही. त्याची तयारी सुरू आहे. भाजलेली माती आणि कच्ची चुनखडी घालून क्लिंकर निम्म्यावर आणणारे सिमेंट स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्या आयआयटींमधील संशोधकांनी मिळून विकसित केले. २०२३ साली त्याचे भारतीय मानकही निघाले. भाजलेली माती म्हटल्यावर आपल्या घाणीतल्या सुरखीची आठवण येणारच. पांढऱ्या चिकणमातीची निवड आणि भाजण्याचे नेमके तापमान नवे आहे, नाते जुनेच आहे.

त्या रात्रीच्या सभेत शेवटी ठरले ते असे. पोती पीपीसीचीच राहतील. चौदा दिवसांचे पाणी करारात लिहून घ्यायचे. टेकू इंजिनिअरच्या सहीशिवाय निघणार नाहीत. आणि रोज सकाळी एका बिऱ्हाडाने जागेवर जाऊन गोणपाटाला हात लावून पाहायचे. पहिली पाळी ज्यांनी प्रश्न विचारला त्याच गृहस्थांनी मागून घेतली. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "ओलं आहे हो अजून."